शाळेनंतर: कार्यशाळा की बेकरी?

विशेष शाळा सुटली की घरात प्रश्न उभा राहतो, आता सकाळी दहाला जायचं कुठे? 2016 चा दिव्यांग हक्क कायदा मोफत शिक्षण देतो ते अठराव्या वर्षापर्यंत. पुढे बौद्धिक अक्षम मुलांपुढे बहुतेक वेळा दोनच वाटा असतात, संस्थेची कार्यशाळा किंवा बाहेरची नोकरी. आमचा मुलगा तीन वर्षं पहिल्या वाटेने गेला, आता दोन वर्षं दुसऱ्या. (सरकारी नोकरी मी धरलेली नाही. दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे सगळ्यांत मिळून आहे खरा, पण जाहिरातीतली शिक्षणाची अटच आमच्या आवाक्यातली नाही.)

कार्यशाळेला नावं ठेवणार नाही. पाकिटं, फायली, श्रावणाआधी राख्या, दिवाळीआधी पणत्या रंगवणं. ताया जीव लावणाऱ्या. फिट आली तर काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक. विद्यावेतनात रिक्षाचं भाडंही सुटत नसे, पण पैशासाठी आम्ही पाठवत नव्हतोच.

नडला तो मे महिना. कार्यशाळा शाळेला जोडलेली, म्हणून सुट्ट्याही शाळेच्या. पहिल्या वर्षी तो रोज साडेनऊला डबा घेऊन दारात उभा राहायचा. कालनिर्णयवर फुल्या मारून दाखवल्या, उपयोग शून्य. तिसऱ्या आठवड्यात त्याने उठणंच सोडलं. दिवसा झोप, रात्री येरझाऱ्या. जूनमध्ये कार्यशाळा उघडली तरी घडी बसेपर्यंत जुलै संपत आला. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असं तीन वर्षं. दाढी करणाऱ्या माणसाला उन्हाळ्याची सुट्टी कशाला, असं मी पालकसभेत विचारलं. उत्तर आलं, "अहो, मुलांनाही विश्रांती हवी ना!" त्या 'मुलांना' शब्दाने माझं मन कार्यशाळेवरून उडालं.

बेकरीत तो खोके जुळवतो, लेबलं लावतो, खारीची पाव किलोची पाकिटं भरतो. आकडे वाचता येत नाहीत, जुळवता येतात. म्हणून वजनकाट्याशेजारी 250 लिहिलेला कागद चिकटवलाय. ही युक्ती जॉब कोचची, म्हणजे नोकरीच्या जागी येऊन काम शिकवणाऱ्या ताईची. ती तीन आठवडे रोज त्याच्या शेजारी उभी राहिली, मग आठवड्यातून एकदा, आता फक्त फोन. आधी कामाला लावायचं, मग तिथेच शिकवायचं. कार्यशाळेत नुसती तयारीच चालते, आणि कशाची ते कुणी सांगत नाही.

बेकरीतही सगळं गोड नाही. बसप्रवास शिकवायला दोन महिने गेले, मी मागच्या सीटवर अनोळखी माणसासारखा बसून. एका कारागिराने महिनाभर स्वतःच्या वाट्याची भांडी त्याच्याकडून घासून घेतली, आम्हाला उशिरा कळलं. कार्यशाळेत मित्र होते, इथे नाहीत. आणि सगळा डोलारा एका शेठच्या भलेपणावर. खासगी मालकावर आरक्षणाची सक्ती नाही. 5 टक्के दिव्यांग कर्मचारी ठेवणाऱ्यांना प्रोत्साहन द्यावं असं त्याच कायद्याचं कलम 35 म्हणतं, पण आमच्या शेठना ते मीच सांगितलं.

मुलाला वारंवार फिट येत असेल, शौचाला मदत लागत असेल, तर मी कार्यशाळाच म्हणेन. बारमाही चालणारी कार्यशाळा मिळाली तर माझी तक्रार उरतच नाही. प्रवेश घेताना तेवढं विचारून घ्या. आणि कुठलीही वाट धरा, कायदेशीर पालकत्वाचा, म्हणजे सज्ञान मुलाच्या वतीने व्यवहार करण्याच्या अधिकाराचा, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे आधीच करून ठेवा. बँकेत आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

बेकरीला सुट्टी मंगळवारची, बाराही महिने. यंदा मे महिन्यात मी त्याला म्हटलं, चार दिवस गावी जाऊ. चपला घालता घालता म्हणाला, "शेठना विचार."