झेनोब्लेड: वीची जुनी डिस्क की स्विचची नवी आवृत्ती?

न्यू जर्सीतला मावसभाऊ अडलाय: 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स' हा व्हिडिओ गेम कुठला घेऊ, निन्टेंडोच्या जुन्या 'वी' या गेमयंत्रावरचा की नंतरच्या 'स्विच'वरचा?

किंमत: वीवरचा गेम २०१२ साली अमेरिकेत ५० डॉलरला आला आणि लवकरच दुर्मीळ झाला. २०१३मध्ये एका साखळी दुकानात 'वापरलेल्या' प्रती ९० डॉलरला झळकल्या. त्या नव्यानं छापलेल्या असल्याचा आरोप झाला. आपल्याकडे जुनं नवं म्हणून खपवतात, इथे उलटंच! अशा छपाईनंतर दुर्मिळतेचा भाव टिकेल याचा काय भरवसा? २०२०ची स्विच आवृत्ती ६० डॉलरला आली.

खटाटोप: वीची डिस्क ज्या प्रदेशासाठी काढलेली, त्याच प्रदेशातला वी किंवा त्याच्यानंतरचा वी यू लागतो. स्विचला ती कटकट नाही, चित्रही स्पष्ट.

खेळायचंय? स्विच घे. कपाटात मांडायचंय? मग वीची, पण डिस्कवरचे ओरखडे बघून.