एकपाती गिलेट गार्ड: दाढीनंतर मान पेटणाऱ्यांसाठी

दाढी केली की तासाभरात कॉलरखाली आग, दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुटकुळ्या. अशी त्वचा असणारा माणूस दुकानात गेला की त्याच्या हातात बहुतेक वेळा सगळ्यात महाग, तीन किंवा पाच पात्यांचं रेझर ठेवलं जातं. आमचं मत नेमकं उलटं आहे. नाजूक त्वचेसाठी पहिल्यांदा आजमावून बघावं असं रेझर म्हणजे फळीवर सगळ्यात खाली लटकणारं गिलेट गार्ड. एकच पातं, पुढे प्लॅस्टिकचा कंगवा आणि हलकी दांडी, एवढाच ऐवज. बुळबुळीत पट्टीसुद्धा नाही.

हे रेझर 2010 साली खास भारतासाठी काढलं गेलं. तेव्हा रेझर 15 रुपयांना आणि सुटं कार्ट्रिज, म्हणजे बदलायचा पात्याचा भाग, 5 रुपयांना होतं. त्यामागे कंपनीला बसलेली एक ठेच आहे. आधीच्या एका रेझरची चाचणी त्यांनी अमेरिकेत, तिथल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात शिकणाऱ्या भारतीय मुलांवर घेतली होती. तिथे पसंती मिळाली, इथे आल्यावर तक्रारी आल्या. कारण साधं होतं. त्या मुलांकडे वाहता नळ होता आणि इथे लोक मगभर पाण्यात दाढी उरकत होते. मगात बुचकळून पात्यांमधले केस निघत नव्हते. म्हणून गार्डचं कार्ट्रिज मागून मोकळं ठेवलं आहे. मगात दोनदा हलवलं की स्वच्छ. नाजूक त्वचेच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट नाही. पात्यात केस आणि फेस अडकले की ते नीट कापत नाही, हात आपोआप दाबतो आणि तिथेच सालटं निघतं.

एका पात्याचा दुसरा फायदा गळ्यावर कळतो. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केस किंचित ओढून वर काढतं आणि मागचं पातं तो आखूड कापतं. मग उरलेला केस कातडीच्या पातळीखाली मागे सरकतो. गुळगुळीतपणा येतो तो यामुळेच. पण केस कुरळा किंवा राठ असेल तर वाढताना त्याचं तिरकं कापलेलं टोक आतल्या आत कातडीत घुसतं आणि फोड येतो. एकच पातं केस कातडीच्या बरोबरीने कापून थांबतं. त्याची किंमत अर्थात मोजावी लागते. सकाळी गार्डने दाढी केली तर संध्याकाळी हनुवटीवर खुंट हाताला लागतात. लग्नाच्या फोटोसाठी गाल चकचकीत हवा असेल तर हे रेझर नव्हे.

तिसरा फायदा सगळ्यात मोठा, आणि तो किमतीचा आहे. महाग कार्ट्रिज माणूस जिवावर येईल तोवर ओढतो. पातं बोथट होतं ते गंजामुळे, अशी समजूत आहे, पण तेवढंच खरं नाही. एमआयटीच्याच संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात दाखवलं की केस पोलादापेक्षा सुमारे 50 पट मऊ असूनही धारेचे बारीक टवके उडवतो. केस पात्याखाली वाकला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली की टवका जातो. अशी खडबडीत धार गळ्यावर फिरली की काय होणार ते सांगायला नको. राठ दाढी असेल तर चार-पाच वेळा आणि मऊ असेल तर सात-आठ वेळा वापरून कार्ट्रिज टाकून द्या. गार्डचा भाव आता वाढलाय, तरी पाच पात्यांच्या कार्ट्रिजपुढे किरकोळच आहे, त्यामुळे टाकताना हात आखडत नाही. मोजदाद जमत नसेल तर एक खूण लक्षात ठेवा: ओठाखालच्या खळगीत केस ‘ओढल्यासारखा’ वाटला की त्या कार्ट्रिजची ती शेवटची दाढी.

आता दोष. रेझर इतकं हलकं आहे की दाबायचा मोह होतो. जुन्या धातूच्या दुधारी रेझरला स्वतःचं वजन असतं, हात नुसता दिशा देतो. इथे ते काम आपल्याला करावं लागतं. दांडी मुठीत आवळू नका, अंगठा आणि दोन बोटांत पेन्सिलीसारखी धरा. दाब पडायला मग जागाच राहत नाही. दुसरं म्हणजे चार-पाच दिवसांची वाढलेली दाढी. लांब केस कंगव्यात गुंततात आणि ओढ बसते. आधी ट्रिमर किंवा कात्रीने दोन-तीन मिलिमीटरवर आणा, मगच रेझर. पट्टी नसल्यामुळे निसरडेपणा सगळा फेसावर अवलंबून राहतो. नुसतं पाणी लावून घाईघाईत ओढणाऱ्याला हे रेझर माफ करत नाही.

म्हणून फेसाबद्दल थोडं जास्त. कोरडा केस चिवट असतो, पाणी प्यायला की फुगतो आणि कापायला बरीच कमी ताकद लागते. त्यासाठी कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटं हवीत. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर तो वेळ आपसूक मिळतो. पाणी कढत नको, त्याने कातडी आधीच लाल होते. क्रीम मोठ्या शेंगदाण्याएवढं पुरे. ब्रश पाण्यात बुडवून एकदा झटका आणि गालावर मिनिटभर गोल फिरवा, मध्ये दोनदा ब्रशच्या टोकाला पाणी लावा. फेस दह्यासारखा ओलसर आणि चमकदार दिसायला हवा. कापसासारखा कोरडा, फुललेला फेस जाहिरातीत छान दिसतो, पण पात्याखाली घसरत नाही. गार लागणारं मेंथॉलचं आणि उग्र वासाचं क्रीम अशा त्वचेने टाळलेलं बरं. तो गारवा म्हणजे आराम नाही, कित्येकांना त्यानेच चुरचुरतं.

बोअरचं पाणी असलेल्या घरांत एक वेगळीच अडचण असते. जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाला धरून त्याचा चिकट साका करतं, फेस बसतो आणि रेझर रखडत चालतं. मराठवाड्यात, पुण्याच्या टँकरवर जगणाऱ्या उपनगरांत लोक यापायी क्रीम बदलत राहतात, पण दोष पाण्याचा असतो. फेसापुरतं कपभर पाणी आरओ फिल्टरचं घ्या, किंवा उकळून, गाळ खाली बसू देऊन वरचं घ्या. धुवायला बोअरचं चालेल.

हात फिरवण्याआधी केस कुठल्या दिशेने वाढतात ते बघा. दोन दिवसांची दाढी असताना कापसाचा बोळा गळ्यावरून चारी बाजूंनी फिरवा. ज्या दिशेने तो अडकतो ती उलटी, सरकतो ती सुलटी. गालावर केस बहुधा खाली वाढतात, पण कंठमण्याच्या दोन्ही बाजूंना ते आडवे, कधी चक्क वरच्या दिशेने असतात. गळ्यावर डोळे मिटून वरून खाली रेझर ओढणारे तिथे नकळत उलटी दाढी करत असतात आणि पुरळही नेमकं तिथेच येतं. सुरुवात कल्ल्यांपासून आणि गालांपासून करा, हनुवटी आणि मिशी शेवटी. तिथले केस सगळ्यात जाड, त्यांना भिजायला तेवढा जास्त वेळ मिळतो. ओढ दोन-तीन सेंटिमीटरची, आणि दर दोन-तीन ओढींनंतर रेझर मगात. कातडी दुसऱ्या हाताने जोरात ताणू नका. ताणून कापलेला केस कातडी सोडल्यावर आत जातो, मग एका पात्याचा फायदाच संपला. फेस निघालेल्या जागेवर पुन्हा रेझर फिरवायचं नाही. राहिलेच खुंट तर पुन्हा फेस लावून आडवा हात. उलटा हात अजिबात नाही, आणि सलूनमध्ये ‘उलटा मारू का?’ विचारलं तर तिथेही नाहीच म्हणा.

नंतर गार पाणी, टॉवेलने टिपणं (घासणं नव्हे) आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर वाटाण्याएवढं. तुरटीचा खडा रक्त थांबवायला उत्तम, म्हणून कापलेल्या जागेपुरताच लावा. रोज सगळ्या तोंडावर घासली तर कातडी कोरडी पडते. लावलीच तर अर्ध्या मिनिटाने धुऊन टाका. स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह मात्र नकोच. ते झोंबतं म्हणजे ‘काम करतंय’ ही पिढीजात गैरसमजूत आहे.

कुठलंही रेझर बदलून न सुटणारी प्रकरणंही असतात. नुसती आग आणि लाली दोन-तीन दिवसांत उतरते. आत वळलेल्या केसांचे फोड हटत नसतील तर तीन-चार आठवडे रेझर बाजूला ठेवून ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट राखणं हाच खरा उपाय. फोड नखाने किंवा चिमट्याने कोरू नका, डाग राहतात. पू भरलेल्या पुळ्या किंवा कडा लाल असलेला, पसरत जाणारा गोल चट्टा दिसला तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तो चट्टा गजकर्ण असू शकतो. मेडिकलमधून विचारून आणलेल्या स्टिरॉइड मिसळलेल्या मलमाने तो आधी दबल्यासारखा दिसतो आणि मग दुप्पट पसरतो. रेझर घरात कुणाशीही वाटून वापरू नये, भावाशीसुद्धा नाही. हेपटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात आणि न दिसणारी कापणं प्रत्येक दाढीत होतात.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वापरलेलं रेझर बाथरूममधल्या ओल्या मगात उभं ठेवू नका. झटकून बाहेर वाऱ्याला ठेवा. टॉवेलने पातं पुसायला जाऊ नका, धारेची आणि बोटाचीही वाट लागते.

आमच्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो हलक्या दांडीसाठी. घेताना पाकीट मात्र नीट बघा. याच नावाने तीन पात्यांचं ‘गार्ड 3’ही मिळतं आणि दुकानदार घाईत तेच पुढे करतात. आपल्याला एका पात्याचं हवंय.