विंडोज 10 नंतरचा जुना लॅपटॉप: विंडोज 11, लिनक्स मिंट की क्रोम ओएस फ्लेक्स?

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 ची नियमित सुरक्षा-अपडेट थांबवली आणि एका ठरावीक वयाच्या लॅपटॉपचा प्रश्न घरोघरी उभा राहिला. साधारण 2013 ते 2017 या काळात घेतलेला, इंटेलच्या चौथ्या ते सातव्या पिढीचा आय-थ्री किंवा आय-फाइव्ह प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 500 जीबी किंवा 1 टीबीची हार्ड डिस्क असलेला हा लॅपटॉप विंडोज 11 च्या अधिकृत अटींत बसत नाही; कारण तेथे टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सुरू होतानाच्या तपासणीची सोय आणि इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. यंत्र मात्र धडधाकट असते आणि त्याचा कीबोर्ड तर आजच्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा बहुधा सरसच असतो. असे लॅपटॉप उघडून पुन्हा कामाला लावण्याचा मला छंद असल्यामुळे, यात आता काय टाकावे, ही विचारणा सतत होते. विचारणारे प्रोसेसरचे नाव आधी सांगतात. माझ्या अनुभवात निवड त्यावर क्वचितच ठरते. लॅपटॉपला कोणता प्रिंटर जोडलेला आहे, कोणती डिजिटल सही वापरली जाते आणि कोणत्या जुन्या फायली उघडाव्या लागतात, यावर ती ठरते.

पण त्याही आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, बसवण्यासाठी मागचे झाकण उघडणे भाग आहे. लॅपटॉपमधील 5400 फेऱ्यांची हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला सुमारे 100 एमबी देते, तर साधी साटा एसएसडी 500 च्या पुढे जाते. खरा फरक मात्र विखुरलेल्या लहान फायली वाचताना पडतो, कारण डिस्कच्या सुईला जागेवर पोहोचायला दहाएक मिलिसेकंद लागतात आणि एसएसडी तेच काम त्याच्या शंभराव्या भागात उरकते. संगणक सुरू होणे म्हणजे अशा हजारो लहान फायली वाचणे होय. हार्ड डिस्क तशीच ठेवून तिन्ही पर्यायांची तुलना केली, तर तिन्ही संथ वाटतील आणि दोष विनाकारण सॉफ्टवेअरला दिला जाईल.

रॅम घेताना प्रकार तपासून घ्यावा. चौथ्या आणि पाचव्या पिढीच्या लॅपटॉपना बहुधा कमी व्होल्टेजची, म्हणजे 1.35 व्होल्टची डीडीआर3एल रॅम लागते आणि तिच्यावरील चिठ्ठीवर ‘पीसी3एल’ असे छापलेले असते. दिसायला तंतोतंत तशीच असणारी 1.5 व्होल्टची डीडीआर3 त्या खाचेत बसते खरी, पण लॅपटॉप सुरू होण्याची खात्री नसते. सहाव्या पिढीपासून बव्हंशी डीडीआर4 आली. तिची खाचच वेगळ्या जागी असल्यामुळे तेथे चूक होत नाही. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, त्यामुळे लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी, तपासून दिलेली रॅम मिळत असेल तर तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. जुनी एसएसडी मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण तिचे किती आयुष्य खर्च झाले आहे हे वरून दिसत नाही.

झाकण उघडताना एक-दोन स्क्रू हटकून रबरी पायांखाली किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या मागे लपलेले असतात; झाकण एका कोपऱ्यात अडून बसले, तर जोर लावण्याऐवजी राहिलेला स्क्रू शोधावा. आतले काहीही हलवण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा दाबायला जड जात असेल, तर खालची बॅटरी फुगली असण्याची शक्यता मोठी असते, आणि तसे असल्यास बॅटरी बदलेपर्यंत पुढच्या कोणत्याही खर्चाचा विचार करू नये. एसएसडी 7 मिलिमीटर जाडीची असते. जुन्या काही लॅपटॉपमधील जागा 9.5 मिलिमीटरची असते, म्हणून सोबत येणारी प्लास्टिकची चौकट फेकून देऊ नये.

एवढे झाल्यावर पर्यायांकडे वळता येते. यांत आहे त्या विंडोज 10 वरच काही काळ राहण्याचाही एक मार्ग आहे. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरकर्त्यांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा-अपडेट जाहीर केली असून ती मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडून मोफत, रिवॉर्ड्सचे 1000 गुण देऊन किंवा 30 डॉलर भरून घेता येतात. हा तोडगा नसून मुदतवाढ आहे, पण वर्षअखेरीच्या हिशेबात अडकलेल्या माणसाला मुदतवाढसुद्धा पुरते.

विंडोज 11 अशा लॅपटॉपवर टाकणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. रुफस या मोफत साधनाने पेन ड्राइव्ह तयार करतानाच टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमच्या अटी वगळण्याचा पर्याय मिळतो. त्याच लॅपटॉपवर विंडोज 10 रीतसर ॲक्टिव्हेट झालेली असेल, तर तिचा डिजिटल परवाना पुढेही चालतो; विंडोज 7 किंवा 8 च्या जुन्या कीवर नवी विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट मात्र मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2023 मध्ये बंद केली. (दुकानदार थोडक्या पैशांत ‘ॲक्टिव्हेट करून’ देतो, त्यात नेमके काय केलेले असते हे त्याला एकदा विचारून पाहावे.) 2024 च्या 24एच2 आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई 4.2 या सूचना असणे अनिवार्य झाले, त्यामुळे कोअर टू ड्युओचे संगणक कायमचे बाद झाले. आपल्या चर्चेतील लॅपटॉपना ती अडचण नाही.

अडचण निराळी आहे. अटी टाळून बसवलेल्या विंडोजला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात दरमहाची सुरक्षा-अपडेट येत राहिली आहेत, पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा पेन ड्राइव्हने हाताने टाकावी लागते. ज्याला हे करायला आवडते त्याच्यासाठी यात काहीच वावगे नाही. गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या लॅपटॉपवर मात्र मी हा प्रकार करणार नाही, कारण दर वर्षी कोणीतरी तेथे जाऊन बसायला हवे. शिवाय 4 जीबी रॅमवर विंडोज 11 चालते असे म्हणण्यापुरतेच चालते. ब्राउझरमधील चार-पाच टॅबनंतर ती खोळंबू लागते. 8 जीबी आणि एसएसडी असेल, तरच या पर्यायाचा विचार करावा.

असे असूनही काही लोकांना विंडोजशिवाय गत्यंतर नाही, आणि लिनक्सप्रेमी मंडळी हे कबूल करायला फार वेळ घेतात. टॅलीवर हिशेब ठेवणारा दुकानदार, श्री-लिपी किंवा आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षानुवर्षे मजकूर जुळवणारा डीटीपीवाला, निविदा आणि विवरणपत्रांसाठी यूएसबी टोकनवरील डिजिटल सही वापरणारा ठेकेदार, अंगठ्याचे यंत्र जोडून आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा तरुण: या सगळ्यांची साधने मुख्यतः विंडोज गृहीत धरून बनवलेली आहेत. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात हे खरे, पण शेवटच्या तारखेला संध्याकाळी ते चालले नाहीत तर मदतीला कोणी नसते.

बाकीच्यांसाठी लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी बसणारी मोफत कार्यप्रणाली, हा माझ्या मते तिघांत सर्वांत समतोल पर्याय आहे. मिंटची 22 ही मालिका उबुंटू 24.04 वर आधारलेली असून तिला एप्रिल 2029 पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळणार आहेत. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ अशी तिची मांडणी विंडोज 7 वापरलेल्या माणसाला परकी वाटत नाही. 8 जीबी रॅम असेल तर सिनॅमन आणि 4 जीबी असेल तर एक्सएफसीई ही आवृत्ती घ्यावी. अपडेटनंतर काही बिघडले, तर टाइमशिफ्ट या साधनाने आधीच्या स्थितीवर परत जाता येते. फक्त ते पहिल्याच दिवशी सुरू करून ठेवावे लागते.

मिंटची खरी सोय अशी की डिस्कला हात न लावता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. हे लाइव्ह सत्र म्हणजे निर्णयाची परीक्षाच समजावी आणि ती घाईने उरकू नये. वाय-फाय लागते का, आवाज आणि कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होतो का, हे सगळे त्यातच तपासावे. ब्रॉडकॉमची चिप असलेल्या लॅपटॉपवर वाय-फाय सुरुवातीला बहुधा दिसतच नाही. अशा वेळी मोबाइल यूएसबी वायरीने जोडून टेदरिंग सुरू करावे, मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून त्याने सुचवलेला ड्रायव्हर बसवावा.

मराठी टंकनाची गैरसोय होत नाही. इनस्क्रिप्ट येणाऱ्याला कीबोर्डच्या यादीत मराठी मांडणी निवडली की पुरते. रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्याने आयबस आणि एम17एन ही पॅकेजे घालावीत; त्यांत मराठीसाठी फोनेटिक पद्धत आहेच, शिवाय ‘मिंग्लिश’ नावाची आणखी एक पद्धत आहे. विंडोजमधील मराठी फोनेटिकची सवय असेल, तर काही अक्षरांच्या जागा वेगळ्या निघतील आणि पहिल्या आठवड्यात चिडचिड होईल. मंगल किंवा कोकिळा या फॉन्टमध्ये बनवलेला वर्डचा मजकूर मिंटमधील लिब्रेऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, पण ते फॉन्ट मिंटमध्ये नसल्यामुळे दुसरा फॉन्ट लागून ओळी पुढेमागे सरकतात. प्रश्नपत्रिका किंवा अर्जाचे नमुने अशा पानाच्या मापात बसवलेल्या कागदांची येथे पंचाईत होते. युनिकोडपूर्व फॉन्टमधील जुन्या फायलींचे त्याहून वेगळे आहे: मूळ फॉन्ट हाताशी असेल तर त्या वाचता येतात, पण त्यांत त्याच पद्धतीने भर घालता येत नाही.

आता प्रिंटरविषयी थोडे सविस्तर, कारण बहुतेकांचे घोडे येथेच पेंड खाते. आपल्याकडील दुकाने, शाळा आणि वकिलांची कार्यालये यांत कॅनन एलबीपी 2900 आणि एचपी लेझरजेट 1020 हे दोन प्रिंटर अजूनही हमखास दिसतात. दोन्ही टिकाऊ आहेत आणि दोन्ही पान रचण्याचे काम स्वतः न करता संगणकावर सोपवतात, त्यामुळे योग्य ड्रायव्हर नसेल तर ते निव्वळ खोके ठरतात. एचपीच्या या प्रिंटरला सुरू केल्यावर दर वेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे आतले सॉफ्टवेअर, मिळावे लागते. मिंटमधील एचपीलिप हे एचपी प्रिंटरचे ड्रायव्हर-सॉफ्टवेअर त्याचा प्लगइन एकदा उतरवून घेतल्यावर हे काम निमूटपणे करते. कॅननचा प्रिंटर सीएपीटी ही कंपनीची स्वतःची भाषा बोलतो आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर बसवणे हे टर्मिनलमध्ये हात काळे करणाऱ्याचेच काम आहे. ज्याचा रोजचा धंदा या एका प्रिंटरवर चालतो त्याने मिंटच्या मोहात पडू नये. घरातला प्रिंटर गेल्या काही वर्षांतला, वाय-फायवर चालणारा असेल, तर मिंटला तो बहुधा काही न करताच सापडतो.

क्रोम ओएस फ्लेक्स या गुगलच्या, ब्राउझरभोवती रचलेल्या कार्यप्रणालीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हाच तिचा गुण आहे. गुगलने 2020 च्या डिसेंबरमध्ये नेव्हरवेअर ही कंपनी घेतली आणि तिच्या क्लाउडरेडीवरून घडवलेली फ्लेक्स 2022 च्या जुलैमध्ये सर्वांसाठी खुली केली. 4 जीबी रॅम आणि 16 जीबी डिस्क तिला पुरते, अपडेट आपोआप येतात, आणि वापरणाऱ्याला ब्राउझरखेरीज काही दिसत नाही. यूट्यूब, बँक, ईमेल, व्हॉट्सॲप वेब आणि नातवंडांशी व्हिडिओ कॉल एवढाच वापर असणाऱ्या ज्येष्ठांसाठी किंवा ऑनलाइन वर्गापुरता लॅपटॉप हवा असणाऱ्या मुलासाठी तीच नेमकी योग्य आहे. मात्र क्रोमबुकप्रमाणे येथे प्ले स्टोअर आणि अँड्रॉइड ॲप मिळत नाहीत, हे अनेकांना बसवल्यावर कळते. विंडोजच्या शेजारी त्याच डिस्कवर तिला ठेवता येत नाही, ती सगळी डिस्क घेते. गुगलने तपासलेल्या मॉडेलांची यादी प्रसिद्ध असून प्रत्येकापुढे पाठिंबा कोणत्या वर्षापर्यंत आहे हे लिहिलेले असते. यादीत नसलेल्या लॅपटॉपवरही ती चालू शकते, पण मग तक्रार करायला जागा नसते. इंटरनेट अधूनमधून जाणाऱ्या गावात तिचा बराचसा उपयोगही इंटरनेटबरोबरच जातो.

द्विधा मनःस्थितीतल्या माणसाने विंडोज आणि मिंट दोन्ही एकाच एसएसडीवर ठेवायला हरकत नाही. डिस्क 480 किंवा 512 जीबीची असली की जागेची ओढाताण होत नाही. विंडोज आधी बसवावी, मिंट नंतर. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते सुरू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि मिंटला तिच्या फायली फक्त वाचता येतात, बदलता येत नाहीत. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, सुरू आहे का, हेही आधी पाहावे; असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घेतल्याशिवाय बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदलू नये.

काढलेली जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नये. बाजारात साध्या यूएसबी केसिंगमध्ये ती बसते आणि बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते, पण निदान महिनाभर ती जशीच्या तशी ठेवावी, कारण डेस्कटॉपवरचे फोटो सगळ्यांनाच आठवतात, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि टॅलीचा डेटा फोल्डर कोणालाच आठवत नाही.