रंगवलेला खोडा पाहूनही मी १,९२,००० रुपये भरले

पोराच्या जनावरांच्या कोर्सपायी एका बोगस खाजगी संस्थेत किती पैसे घातले, तो आकडा आधीच सांगतो, कारण पाच महिने मी तो लपवत आलोय. १,९२,००० रुपये. भावकीत मी पन्नास-साठ हजार गेले असं सांगितलं होतं. बायकोलासुद्धा खरा आकडा गेल्या आठवड्यात कळला.

पोरगा २०२३ ला बारावी सायन्स झाला. २०२२ च्या लम्पीत आमची एक गाय गेली, तेव्हा तीन रात्री हा तिच्याजवळून उठला नव्हता. तेव्हापासून जनावरांचंच शिकायचं हे त्याचं ठरलेलं. नीटचे मार्क पदवीला पुरले नाहीत, म्हणून पशुधन पर्यवेक्षकाची, म्हणजे पशुवैद्यकाच्या हाताखालच्या माणसाची, पदविका करायची ठरली. नेमकी त्याच उन्हाळ्यात पशुसंवर्धन विभागाची भरती निघाली होती, पशुधन पर्यवेक्षकाच्या ३७६ जागा. त्या संस्थेच्या माणसाने तेच कात्रण माझ्यापुढे ठेवलं. भरती खरी होती, कात्रण खरं होतं. त्याच्या कोर्सचा त्या भरतीशी काडीचा संबंध नव्हता, एवढंच त्याने सांगितलं नाही.

मी अडाणी नाही. गावच्या दूध संस्थेचा सहा वर्षं सचिव होतो, ऑडिट करून घेतलंय. ऑफिसच्या भिंतीवर 'शासनमान्य' लिहिलेलं होतं, खाली नोंदणी क्रमांक होता. तो मी वहीत उतरवूनही घेतला. आज कळतंय की तो क्रमांक संस्थेच्या ट्रस्टचा होता, १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालचा. असा क्रमांक भजनी मंडळालाही मिळतो. ट्रस्ट नोंदलेला असणं वेगळं आणि अभ्यासक्रमाला मान्यता असणं वेगळं. कुणी नंबर दाखवला तर तो कशाचा, कुणी दिला आणि कोणत्या साली दिला, हे तिथल्या तिथे विचारा.

आता खोड्याचं सांगतो. हे आठवलं की अजून झोप लागत नाही.

प्रवेशाच्या दिवशी आम्हाला 'प्रात्यक्षिक विभाग' दाखवला. पत्र्याची शेड, मधोमध लोखंडी खोडा, म्हणजे तपासायला जनावर अडकवायची चौकट, निळ्या रंगाने रंगवलेला. आडव्या पाइपावर दोरीचा एक वळ नव्हता. खाली कोबा कोरडा ठणठणीत, शेणाचा डाग नाही, मुताचा वास नाही, कोपऱ्यात वैरणीची काडी नाही. माझा जन्म गोठ्यात गेला. ज्या खोड्यात आठवड्याला एक जरी जनावर अडकवलं, त्याचा रंग मानेच्या उंचीला घासून जातो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि पोराने विचारलं पण. म्हणाला, "आप्पा, जनावरं कुठायत?" तो माणूस म्हणाला, सुट्टीत पाठवलीत. जनावरांना कसली सुट्टी? मी पोरालाच डोळ्याने गप्प केलं. साहेबांपुढे उलट विचारू नये असं मला वाटलं. त्या क्षणी मी पोराचं ऐकलं असतं तर खिशातले ११,००० खिशातच राहिले असते.

ते ११,००० प्रवेशाचे. मग दोन वर्षांची फी ५२,००० प्रमाणे १,०४,०००. वसतिगृह आणि मेस महिना २,८००, वीस महिन्यांचे ५६,०००. 'प्रॅक्टिकल किट' ७,५००, त्यात ॲप्रन, गमबूट, एक थर्मामीटर आणि लांब हातमोज्यांचं पाकीट. परीक्षा फी दोनदा, प्रत्येक वेळी ३,६००. शेवटी 'प्रमाणपत्र पडताळणी' म्हणून ६,३००. यासाठी एक एचएफ जातीची गाय ६८,००० ला विकली, पतसंस्थेचं एक लाखाचं कर्ज काढलं, बाकी दुधाच्या बिलातून गेलं. माझा हव्यास नव्हता, पोराचं भलं व्हावं एवढंच होतं.

दोन वर्षांत त्याने कृत्रिम रेतन फळ्यावर शिकलं. वीर्यकांडी चित्रात पाहिली. वीर्यकांड्या गोठवून ठेवायचा द्रव नत्राचा कंटेनर एकदा उघडून दाखवला, तो रिकामा होता. ओळखपत्रावर मात्र नावाआधी 'डॉ.' छापलं होतं, आणि मी ते पाहुण्यांना दाखवत हिंडलो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्यकालाच स्वतंत्र उपचार करता येतात. खरी पदविका असली तरी अशा पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा तेवढ्या. 'पास झाला की स्वतःचा दवाखाना टाका' असं जो सांगतो तो तुमच्या पोराला गुन्ह्यात ढकलतोय.

उघडकीला आलं २०२५ मध्ये. पोरगा एका दूध संघात कागद घेऊन गेला. तिथल्या साहेबांनी प्रमाणपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "हे माफसूचं नाही." माफसू म्हणजे नागपूरचं महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ. मी माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचं तिकीट लावून. महिन्याच्या आत उत्तर आलं: सदर संस्था या विद्यापीठाशी संलग्न नाही. दहा रुपये लागले. हा अर्ज प्रवेशाआधी करा, फी भरून झाल्यावर नाही. पुण्याला जाताना शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय मी किती वेळा एसटीतून पाहिलंय. एकदा उतरून विचारलं असतं तरी भागलं असतं.

मग दारं ठोठावणं सुरू झालं. जिल्ह्याच्या कार्यालयात म्हणाले, खाजगी संस्था आमच्या अखत्यारीत येत नाही, शिक्षण खात्याकडे जा. तिथे म्हणाले, जनावरांचा विषय आमच्याकडे नाही. मग कुणाकडे आहे? त्या बोर्डावर 'शासनमान्य' लिहिलेलं शासनाच्या एकाही माणसाला दिसलं नाही? ती इमारत तालुक्याच्या रस्त्यावर आहे, साहेबांच्या गाड्या रोज तिच्यावरून जातात. ऑनलाइन तक्रार केली, ती अकराव्या दिवशी 'निकाली' झाली. काय निकाल लागला ते लिहिलेलं नाही. पोलीस ठाण्यात चार खेपा घातल्या. पहिल्यांदा म्हणाले दिवाणी बाब आहे. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्यांदा पावत्या बघितल्या, तर १,०४,००० च्या पावत्यांवर बारीक अक्षरात 'देणगी' छापलेलं. "तुम्ही तर दान दिलंय की," असं मला हवालदार म्हणाला, पोरासमोर. बाकी ८८,००० ची पावतीच नाही. पावतीवर 'शिक्षण शुल्क' लिहिलेलं नसेल तर पैसे परत खिशात घाला, आणि रोख तर देऊच नका.

चौथ्यांदा वकिलाला घेऊन गेलो, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ लिहूनच अर्ज दिला. तेव्हा कुठे आवक क्रमांक मिळाला. गुन्हा अजून दाखल नाही, 'चौकशीवर' आहे. त्याच बॅचची आणखी तेरा पोरं आहेत. त्यातल्या नऊ जणांच्या घरचे सही करायला तयार नाहीत. गावात नाव जाईल म्हणतात. माझंही गेलंय. पण या जूनमध्येही त्या शेडमध्ये प्रवेश झाले, खोड्याला नवा रंग दिलाय असं ऐकलं.

पोरगा सध्या पहाटे संकलन केंद्रावर फॅट मोजायला जातो. माझ्याशी कमी बोलतो. सोमवारी मला पुन्हा ठाण्यात बोलावलंय, मूळ पावत्या घेऊन या म्हणालेत. मूळ देणार नाही. झेरॉक्स देणार आणि पोच घेणार.