नाव-पत्ता जोडताना: दोन उभ्या रेघा, अधिकचिन्ह की कॉन्कॅट?

बडोद्यातील एखाद्या मराठी मंडळाच्या सभासदयादीतून निमंत्रणपत्रिकांवर चिकटवायचे पत्ते तयार करायचे असतील, तर नाव, मधले नाव, आडनाव, पोळ (जुन्या वस्तीतील गल्ली), विभाग आणि पिनकोड असे सहा रकाने क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, एकत्र जोडावे लागतात. त्यासाठी पद्धत निवडताना लिहिण्याच्या सोयीपेक्षा एखाद्या रकान्यात काहीच नोंद नसल्यास, म्हणजे तो ‘नल’ असल्यास, काय होते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

डेटाबेसच्या क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलच्या मानकातील जोडणीची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा (||). ती पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूलाइट या तिन्ही डेटाबेस प्रणालींत चालते; मायएसक्यूएल मात्र मूळ मांडणीत तिचा अर्थ ‘किंवा’ असा घेते आणि पत्त्याच्या जागी ० किंवा १ हाती येतो. शिवाय पोस्टग्रेसमध्ये एक भाग नल असला की जोडलेला संपूर्ण मजकूरच नल होतो. मधले नाव न नोंदवलेल्या सभासदांची लेबले मी एकदा अशीच कोरी छापली आहेत. ओरॅकल नलला रिकामा मजकूर समजून पुढे जाते.

एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत मजकूर जोडणारे अधिकचिन्ह (+) पिनकोडपाशी अडते: तो संख्या म्हणून साठवलेला असल्यास ‘रावपुरा’ आणि ३९०००१ यांची बेरीज करण्याचा प्रयत्न होतो आणि क्वेरी थांबते.

मजकूर जोडणाऱ्या कॉन्कॅट (CONCAT) या फंक्शनला ही अडचण नाही, पण त्याचे नाव एक आणि वागणे अनेक. पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर (२०१२ पासून) नल भाग सोडून देतात, तर मायएसक्यूएल सारे उत्तरच नल करते.

म्हणून पत्त्यांसाठी माझी पसंती भागांमध्ये ठरावीक चिन्ह घालून जोडणाऱ्या कॉन्कॅट_डब्ल्यूएसला (CONCAT_WS) आहे. त्याला स्वल्पविराम एकदाच सांगावा लागतो आणि नल रकान्यांबरोबर त्यांचा स्वल्पविरामही गळतो. मायएसक्यूएल व पोस्टग्रेसमध्ये ते आहेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून, तर एसक्यूलाइटमध्ये २०२३ च्या ३.४४ पासून आले. मात्र नोंदणीच्या फॉर्ममधून कोरी सोडलेली चौकट पुष्कळदा नल म्हणून न येता रिकामा मजकूर म्हणून साठते, आणि तो गळत नसल्याने दोन स्वल्पविराम लागोपाठ उमटतात. अशा रकान्यांना आधी रिकाम्या मजकुराचे नल करून देणारे नलइफ (NULLIF) लावावे.

एकेका पोळीतील सर्व सभासदांची नावे एका ओळीत हवी असल्यास अनेक ओळींतील मजकूर एकत्र जोडणाऱ्या मायएसक्यूएलमधील ग्रुप_कॉन्कॅटची (GROUP_CONCAT) मूळ मर्यादा १०२४ बाइटची आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसह, ३ बाइट घेत असल्याने यादी सुमारे ३४० चिन्हांवर तुटते, आणि बहुधा केवळ एक इशारा नोंदवून. तेव्हा ही मर्यादा ठरवणारे ग्रुप_कॉन्कॅट_मॅक्स_लेन (group_concat_max_len) आधीच वाढवून घ्यावे.