शिकवता न येणाऱ्या शिक्षकाविरुद्ध तक्रार : तालुक्याच्या शिक्षण कार्यालयाचा अनुभव

माझी मुलगी गोव्यातील एका अनुदानित विद्यालयात सहावीत शिकते. तिच्या गणिताच्या शिक्षकांविषयी मी गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात लेखी तक्रार केली. हा अभिप्राय त्या तक्रारीची दखल कशी घेतली गेली याविषयी आहे. सर वेळेवर येत, मुलांवर कधी हात उगारत नसत आणि खासगी शिकवणीसाठी कोणाच्या मागे लागत नसत. त्यांना गणित शिकवता येत नव्हते, एवढीच माझी तक्रार होती.

पुरावा म्हणून माझ्याकडे वही होती. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असे मुलीने अंशांची आणि छेदांची सरळ बेरीज करून लिहिले होते, आणि शेजारी तांबड्या शाईत बरोबरची खूण होती. तिच्याच बाकावरच्या मुलाने पाच षष्ठांश हे योग्य उत्तर लिहिले होते, त्याला फुली. अर्ध्या पोईला (गोव्यातला गोल पाव) आणखी तिसरा हिस्सा जोडल्यावर ती अर्ध्याहूनही कमी कशी भरेल, असे मी जेवताना पोई मोडून विचारले, तेव्हा मुलीने क्षणभर ताटाकडे पाहिले आणि ‘पण सरांनी बरोबर दिलंय’ असे सांगून विषय संपवला. अशी आठ उदाहरणे मी तारखांसह उतरवून काढली.

दाद मागायची कोणाकडे, हा पहिला पेच होता. वकिलाविरुद्ध महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे जाता येते, डॉक्टरांसाठी वैद्यकीय परिषद आहे. शिक्षकांची व्यक्तिशः नोंदणी करून ती रद्द करू शकणारी अशी परिषद आपल्याकडे नाही. 1993 च्या कायद्याने आलेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद शिक्षकांची किमान पात्रता ठरवते आणि प्रशिक्षण महाविद्यालयांना मान्यता देते, पण वर्गात अपूर्णांक चुकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाची चौकशी हे तिचे काम नव्हे. (स्विंडनला स्थायिक झालेल्या मावसबहिणीकडून कळले की इंग्लंडची शिक्षक नियमन संस्थाही गंभीर गैरवर्तनाचीच प्रकरणे घेते आणि अकार्यक्षमता शाळेवर सोपवते, स्कॉटलंडच्या परिषदेला मात्र क्षमतेच्या प्रश्नावरूनही नाव नोंदवहीतून काढता येते.)

मुख्याध्यापिकांनी ‘बघूया’ म्हणून चतुर्थीची सुट्टी गाठली. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असले, तरी अनुदानित शाळेत 2012 च्या दुरुस्तीनंतर तिची भूमिका केवळ सल्ला देण्याची आहे, आणि तिच्या एका सदस्यांचा सल्ला ‘मास्तर मनीस बरो’ इतकाच होता. मलाही ते मान्यच होते.

उरला शिक्षण हक्क कायदा. 2009 च्या या कायद्याचे 24 वे कलम शिक्षकाने ठरलेल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करावा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पारखावी आणि गरजेप्रमाणे जादा अध्यापन करावे, असे सांगते. 32 व्या कलमाखालील लेखी तक्रारीवर, संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन, तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. या दोन कलमांच्या आधारे अर्ज लिहून मी तालुक्याच्या कार्यालयात गेलो. आवक विभागातील कर्मचाऱ्याने अर्ज वाचून विचारले, ‘मास्तरान मारलां?’ नाही म्हटल्यावर त्यांनी नोंदवहीत विषय काय लिहावा याचा बराच विचार केला आणि शेवटी ‘गैरवर्तन’ लिहिले. ती नोंद बदलून ‘अध्यापनातील त्रुटी’ करून घ्यायला मला अर्धा तास लागला. मात्र पोच शिक्क्यासह हातात मिळाली, कोणी उद्धटपणे बोलले नाही, आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांनी वहीच्या छायाप्रती स्वतः पाहिल्या, हेही सांगायला हवे.

सुनावणीत वेगळेच चित्र पुढे आले. सरांनी कसलाही आव न आणता सांगितले की आपला विषय इतिहास आहे, गणिताचे पद दोन वर्षे रिकामे आहे आणि व्यवस्थापनाने तासिका दिल्या म्हणून आपण त्या घेतो. ज्याच्याविरुद्ध मी आठ मुद्दे मांडले होते, त्याच्यापेक्षा त्याला त्या वर्गात उभे करणाऱ्यांना प्रश्न विचारायला हवे होते, हे माझ्या त्या वेळी लक्षात आले. पण अर्जात व्यवस्थापनाचे नाव नसल्याने अधिकाऱ्यांनी तो मुद्दा टिपणाच्या शेवटी एका ओळीत उरकला.

निर्णय मुदतीच्या आत, अडीच महिन्यांत आला. गणिताच्या तासिका दुसऱ्या शिक्षिकेकडे गेल्या आणि सहावीच्या वह्या पुन्हा तपासायचे ठरले. पाचपैकी तीन तारे मी याच कारणासाठी देतो. उरलेले दोन राखून ठेवले, कारण रिकामे पद कधी भरणार याचा पत्रात उल्लेख नाही आणि निर्णय मान्य नसल्यास बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, ही माहितीही दिलेली नाही. अशा कामासाठी जाणार असाल, तर अर्जात शिक्षकाबरोबर व्यवस्थापनालाही पक्षकार करा, त्या शिक्षकाचा मूळ विषय कोणता ते आधी विचारून घ्या आणि नोंदवहीत विषय काय लिहिला जातो ते काउंटरवरून हलण्यापूर्वी वाचा.