सिंक साउंड की डबिंग? छोट्या बजेटच्या ब्रेकअप कॉमेडीसाठी

नुकतंच ब्रेकअप झालेली मुलगी, तिला बळंबळं डेटवर पाठवणारा मित्र, परळचा वन बीएचके आणि माटुंग्याचं इराणी हॉटेल, एवढ्यावर सिनेमा उभा करायचा असेल तर कॅमेऱ्याच्या आधी आवाजाचं ठरवा: संवाद शूटिंगच्या वेळीच टिपायचे (सिंक साउंड) की नंतर स्टुडिओत पुन्हा बोलून घ्यायचे (डबिंग).

डबिंगची बाजू खुद्द मुंबईच मांडते. कावळे, शेजारचा कुकर, रिडेव्हलपमेंटचा ब्रेकर. फ्लॅट कुर्ला-घाटकोपरकडे असेल तर डोक्यावरून उतरणारी विमानं. डबिंग ठरलं की यातल्या कशासाठीही टेक थांबत नाही. पंखा चालू राहतो, घामाने मेकअप उतरत नाही. शिवाय पात्र पाठमोरं असेल तिथे एडिटिंगनंतर सुचलेला विनोदही घालता येतो. कॉमेडीला ही सोय काही लहान नाही.

घोडं अडतं ते हसण्यावर. जिवलग मित्र एकमेकांचं वाक्य पुरं होऊच देत नाहीत. स्टुडिओत मात्र तारखा जुळत नाहीत म्हणून दोघे वेगवेगळ्या दिवशी येतात. कानात पायलट ट्रॅक (शूटवेळी टिपलेला कच्चा आवाज), समोर लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा सीनचा तुकडा. मग नट समोरच्याला उत्तर देईना, स्वतःच्याच ओठांच्या मागे धावतो. शब्द ओठांवर बसतात, पण पंच थंड पडतो. आणि रडता रडता मधेच फुटणारं हसू? ते बूथमध्ये हुकमी निघत नाही, निदान मी तरी पटण्यासारखं ऐकलेलं नाही. माझं पारडं तिथेच सिंककडे झुकलं.

अर्थात सिंकला शिस्त लागते. फ्रिज बंद करा आणि गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं विसरणार नाही. लहान खोलीत शॉटगन (समोरचा आवाज दुरून टिपणारा लांबट) माइक पोकळ वाजतो, कारण भिंतींवरून आवाज परततो. तिथे हायपरकार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचंच ऐकणारा आखूड माइक, बरा. लेपल (कपड्याला लावायचा छोटा माइक) छातीवर लावताना नायलॉनचा टॉप टाळा, सुती कपडा कमी खसखसतो. दोघे एकमेकांवर बोलणार असतील तर दोघांना वेगळा लेपल आणि वेगळा ट्रॅक हवाच. इराणी हॉटेलात खरा वैरी म्हणजे संगमरवरी टेबलावर आपटणारी बशी. तिच्या बुडाला फेल्टची चकती चिकटवा आणि मागच्या टेबलावरच्या मंडळींना नुसते ओठ हलवायला सांगा. प्रत्येक जागेचा मिनिटभर रूम टोन, म्हणजे कुणी न बोलता त्या जागेचा नुसता आवाज, घ्या. वाक्यावर हॉर्न आलाच, तर नट त्याच भावात असताना कॅमेरा बंद ठेवून ते लगेच वाइल्ड, म्हणजे नुसता आवाज, घ्या. सॉफ्टवेअर हॉर्न बऱ्यापैकी पुसतं, पण जास्त ताणलं की माणूस बादलीतून बोलल्यासारखा वाटतो.

खर्चात सिंक शूटच्या वेळी महाग वाटतो: रेकॉर्डिस्ट, बूमवाला (दांडीवर माइक धरणारा), वाढलेले टेक. डबिंगचं बिल नंतर येतं, फोलीसकट. म्हणजे पाऊलं, कप, दार, सगळ्याचे आवाज नव्याने करावे लागतात. सिंकमध्ये त्यातलं पुष्कळ मूळ ट्रॅकवरच मिळतं.

लोकलच्या डब्यातला सीन मात्र डबिंगलाच द्या, तिथे हट्ट नको. फक्त दोघांना एकाच वेळी बोलवा, एकाच बूथमध्ये समोरासमोर उभं करा, दोन माइक लावा आणि पहिली दोन लूप पडद्याकडे न बघता म्हणू द्या.